उतरायचं ते पोचल्यावर

शकीलामावशी चढावर कधीही सायकलवरून उतरत नसत. साताऱ्यात दूध आणायला जायचं तरी एक चढ लागतो, तिथे चौसष्टाव्या वर्षी हा नेम पाळणं म्हणजे गुडघ्यांशी उघड वैर. पण मावशींचं वैर गुडघ्यांशी होतं, दोन्ही मुलांशी होतं आणि "आता वय झालं" म्हणणाऱ्या प्रत्येकाशी होतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते यवतेश्वरच्या घाटात. हेल्मेट, हातमोजे, काळा चष्मा असा सगळा जामानिमा करून मी माझी नवी माउंटन बाइक हाताने ढकलत वर नेत होतो. मागून एक लाल माउंटन बाइक आली. तिच्या हँडलला भाजीची टोपली, मागे कॅरिअर, आणि सीटवर पंजाबी ड्रेस घातलेल्या, ओढणी कमरेला आवळलेल्या एक बाई. नातू शिकायला पुण्याला गेला तेव्हा त्याची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती, तीच त्यांनी बाहेर काढली होती, हे मला नंतर कळलं. डोंगरात चालवायच्या सायकलीला भाजीची टोपली पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या वेग कमी न करता म्हणाल्या, "आवं साहेब, उतरायचं ते पोचल्यावर." आणि वळणाआड दिसेनाशा झाल्या. माझ्या टापटिपीचा असा कचरा तोवर कोणी केला नव्हता.

त्या आमच्याच गल्लीच्या वरच्या टोकाला राहायच्या. महिनाभरात मी त्यांना मावशी म्हणू लागलो आणि त्या मला "रवी लेका".

मावशी सरकारी नर्सबाई होत्या. पहिली नेमणूक वडूजला. तिथल्या माळावरच्या वाड्यावस्त्यांवर त्या बाळंतपणं करायला सायकलने जात. एका वस्तीवर एक म्हातारे वाटेत आडवे उभे राहिले. बाईमाणसाने सायकल दामटत वस्तीवर यायचं नाही म्हणाले. मावशींनी एक पाय जमिनीला टेकवला आणि सीटवरूनच विचारलं, "आजोबा, सून तुमची अडलीया. चालत येऊ का सायकलीनं येऊ, तुमीच सांगा." म्हातारे बाजूला झाले. परतताना त्यांनीच सायकल धरून बांधापर्यंत आणून दिली म्हणे.

वडूजला त्यांच्या खोलीत दुसऱ्या नर्सबाई होत्या सुनंदा चौगुले, सांगलीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या जैन घरातल्या. एक खोली, एक स्टोव्ह. सुनंदाअक्का दिवस मावळल्यावर काही तोंडात घालत नसत. रमजानात मावशी दिवस मावळेपर्यंत काही तोंडात घालत नसत. म्हणजे त्या महिन्यात दोघींनी एकत्र जेवायची सोयच नाही. मग अक्का जेवायला बसल्या की मावशी उपाशीपोटी समोर बसायच्या, आणि मावशी रोजा सोडायला बसल्या की अक्का. "एकटीनं जेवायचं न्हाई, आसं ठरलं हुतं," मावशी सांगायच्या. "जेवत नसलो तरी बसायचं." पुढे लग्नं झाली, बदल्या झाल्या, पण सणावाराचा फोन कधी चुकला नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात फोनवर अक्कांऐवजी त्यांचा मुलगा महावीर बोलला. अक्का घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि त्या चालायला तयार नव्हत्या. "दोन महिने झाले मावशी, पलंगावरनं पाय खाली टाकत न्हाई. आता जायचंच हाय म्हणती. वॉकर आणलाय, त्यावर आमी टॉवेल वाळत घालतोय."

टॉवेलचं ऐकून मावशींचं डोकं फिरलं. पडून राहिलेलं म्हातारं माणूस कसं संपत जातं, हे त्यांनी नोकरीत डोळ्यांनी पाहिलं होतं. मला म्हणाल्या, "अशीच पडून राहिली तर उन्हाळा बघायची न्हाई ती." एवढं एकच वाक्य त्या घाबरून बोललेल्या मला आठवतं.

थोरला इरफान म्हणाला, "अम्मी, गाडी काढतो, दुपारपर्यंत पोचवतो."

"गाडीनं गेले तर ती म्हणंल, ये, बस. मी बसंन. दोघी मिळून रडू. त्याला नर्स कशाला लागती? सायकलीनं गेले तर तिला उठाया लागंल."

सव्वाशे किलोमीटर. इरफानने मला गाठलं आणि आईला समजवायची गळ घातली. मी समजवायला वर गेलो आणि सोबत जायचं कबूल करून खाली आलो. इरफान आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

दोन दिवसांचा बेत ठरला. पहिला मुक्काम कराडला, त्यांच्या बहिणीकडे. माझ्या आग्रहाखातर मावशींनी ओढणीवर हेल्मेट चढवलं. उंब्रजला चहाला थांबलो तेव्हा हॉटेलातली सगळी बाकडी त्यांच्याकडे वळली. भरदार मिशांच्या एका माजी सैनिकाने विचारलं, "कुठवर, ताई?"

"सांगलीच्या पल्याड."

"आन् घरची मानसं?"

"घरची मानसं घरी हायत. म्हणून तर रस्ता मोकळा हाय."

तो गृहस्थ उठला, त्यांच्या दोन्ही टायरमधली हवा अंगठ्याने दाबून पाहिली आणि समाधानाने परत जाऊन बसला. माझ्या टायरकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ते त्याने बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चारपर्यंत पोचायचं, म्हणजे अक्कांबरोबर उजेडात जेवता येईल, असा हिशेब होता. आष्टा मागे पडल्यावर माझी सायकल पंक्चर झाली. मी ऐटीत ट्यूब बदलली. दोन किलोमीटरवर पुन्हा हवा गेली. बाभळीचा काटा टायरमध्येच राहिला होता, मी तपासलंच नव्हतं, आणि दुसरी ट्यूब जवळ नव्हती. पूर्वी ड्रेसिंगचं सामान ठेवायचा पत्र्याचा डबा मावशींनी टोपलीतून काढला. त्यात आता पॅच आणि सोल्युशन असायचं. काटा उपटून माझ्या तळहातावर ठेवत म्हणाल्या, "जखम धुतल्याबिगर टाके घालतूस व्हय रं?" पुढे सांगलीपर्यंत त्या सारख्या सूर्याकडे बघत होत्या.

अक्कांच्या दारात पोचलो तेव्हा ऊन उसाच्या तुऱ्यांवर गेलं होतं. मावशी उतरल्या, सुनेला म्हणाल्या, "सूनबाई, दोघींची ताटं वाढ. आतच," आणि धुळीच्या बुटांनिशी पलंगापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आलीस व्हय गं?" अक्का म्हणाल्या. "सायकलीनं? या वयात? येडी हाईस."

"ताटं आत वाढल्यात. चल."

"हितंच आणू दे की."

"आत हायत. दिवस मावळाया थोडकाच वेळ ऱ्हायलाय. तू न्हाई आलीस तर तूबी उपाशी, मीबी उपाशी."

महावीर मध्ये पडला, "मावशी, आज ऱ्हाऊ दे की." त्याच्याकडे न बघता मावशी म्हणाल्या, "महावीर, टॉवेल काढ."

अक्का चिडल्या. "तुला सांगाया काय जातंय? हाड माझं मोडलंय."

"माझं काय जातंय? सव्वाशे किलोमीटर गेलंय."

अक्कांनी पाय खाली टाकले आणि वॉकर धरला. पलंगापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत बारा पावलं होती, मी मोजली. मावशींनी हात धरला नाही. त्या समोर तोंड करून उलट्या चालत राहिल्या. तिसऱ्या पावलाला अक्का थांबल्या आणि रडू लागल्या. मला वाटलं, आता मावशी विरघळतील. मावशींचे स्वतःचे डोळेही भरले होते, पण म्हणाल्या, "रड. पण हुबं ऱ्हाऊन रड."

बाराव्या पावलाला अक्कांनी दाराच्या चौकटीला हात टेकला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. "मावळला गं," म्हणाल्या. पाटाशेजारी खुर्ची ठेवली होती, तीवर बसल्या. भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी समोर. मावशींनी आपलं ताट बाजूला सारलं. "हरकत न्हाई. आज दोघींचा रोजा." अक्का हसल्या. महावीर आणि त्याची बायको एकमेकांकडे बघतच राहिले.

सूनबाईंनी मला हळूच बाहेर जेवायला वाढलं. मी जेवलो, लपवत नाही. पण आत भरल्या ताटांपुढे त्या दोघी गप्पा मारत बसल्या होत्या आणि त्यांचं जेवण माझ्या टायरमधल्या काट्याने हुकलं होतं. त्याची मला अजून लाज वाटते. सकाळी ऊन वर आल्यावर त्या जेवल्या. अक्का तेव्हा वॉकर धरून आपणहून आत आल्या होत्या.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. दुपारी जरा पडते म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. सकाळीच त्या टोपलीतून मेथी घेऊन चढ चढून आल्या होत्या. मी त्या दिवशी बँकेत होतो. मला नीट निरोपही घेता आला नाही, आणि ते मला फार लागलं.

तिसऱ्या दिवशी महावीर अक्कांना घेऊन आला. मोटार थेट मावशींच्या दारापर्यंत जाते, पण अक्कांनी ती गल्लीच्या तोंडाशी, माझ्या घरासमोरच थांबवायला लावली. काठी टेकत खाली उतरल्या आणि वरचा चढ डोळ्यांनी मापला. महावीर विनवत होता, मी विनवत होतो. वरून इरफान प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन धावत आला. "मावशी, जरा बसून घ्या."

अक्कांनी खुर्ची काठीने बाजूला सारली.

"बसायचं ते पोचल्यावर," म्हणाल्या, आणि चढाला लागल्या. मध्ये दोनदा थांबल्या. दुसऱ्यांदा, मावशींची लाल सायकल दिसली तेव्हा, रडल्या. उभ्याने.