फडक्यावरचा स्टेशन रोड

परभणीत हवा बघून सायकल चालवणारा माणूस एकच होता, तो म्हणजे आमच्या हिचा थोरला भाऊ, दादा. आणि त्याच्या नाकावरचं फडकं मी सोडायला लावलं. एवढं आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं हसण्यावारी जाईल.

दादांचं कापडाचं दुकान स्टेशन रोडला, घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. जाता-येता नाकावर मांजरपाटाचं ओलं फडकं. रॉकेल मिसळून पळणाऱ्या रिक्षांच्या आणि ट्रकांच्या मागे आम्ही सगळेच सायकली हाणत होतो, पण हा धूर शेवटी जातो कुठे, असा प्रश्न दादांशिवाय कुणाला पडला नव्हता. रेल्वेचं फाटक पडलं की ते बोट ओलं करून वर धरत, वाऱ्याचा अंदाज घेत आणि गर्दीतून सायकल काढून वारा येतो त्या बाजूला, ट्रकच्या वरच्या अंगाला जाऊन उभे राहत. दुकानात पोचल्यावर फडकं गिऱ्हाइकापुढं पसरत. "लुगडं दावतो की मावशी, आधी हे बघा. घरून निघताना दुधावानी होतं!" मावशी लुगडं न घेताच जायची. विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव बंद होतं, लोक दारं लावून बसले होते, तेव्हाही हा गृहस्थ सायकल घेऊन बाहेर पडला. चौकात पोलिसानं अडवलं, "तोंड बांधून कुठं निघालास रे?" दादांनी फडकं सोडून त्याच्यापुढं धरलं. "साहेब, पांढरंच हाय! आज एक गाडी न्हाई ना!" पोलिसानं फडक्याकडं पाहिलं, दादांकडं पाहिलं आणि म्हणाला, "घरी जा, काका."

छाती मात्र त्यांनी राखली होती. सोमवारी महादेवाच्या देवळात ते शंख फुंकत, तेव्हा तो कधी थांबतो याची वाट बघत आरतीची माणसं ताटकळत.

मग त्यांच्या मुलीला सेलूचं स्थळ आलं. आपल्याकडे पाहुणे मुलगी बघण्याआधी गावात गुपचूप चौकशी करतात. घरात कुणाला दमा, क्षय आहे का, हे सगळ्यात आधी. मध्यस्थ मी. मी म्हणालो, "दादा, लग्न होईस्तोवर फडकं बांधू नका. पाहुणे म्हणतील, बाप दमेकरी आहे."

"पण मला दमा न्हाईच की, दाजी."

"म्हणूनच सांगतोय. नसलेला रोग कशाला मिरवायचा?"

दादांनी आत भाकरी थापणाऱ्या मुलीकडं पाहिलं आणि फडकं घडी करून ठेवलं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

दिवाळीपासून वैशाखापर्यंत ते उघड्या नाकानं त्या धुरातून ये-जा करत राहिले. संक्रांतीच्या सुमाराला खोकला लागला. शिवरात्रीला शंखाचा आवाज मध्येच तुटला. सगळ्यांना वाटलं, दादा मस्करी करायलेत. डॉक्टर म्हणाले, छाती मुळात नाजूक असेल, धुरानं उचल खाल्ली. लग्न सुरळीत पार पडलं. दादांनी पुन्हा फडकं बांधलं, पण आता ते सायकल हातात धरून, थांबत थांबत, पायी दुकानात जात.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी म्हणालो, "दादा, फडकं मी सोडायला लावलं. चुकलं माझं."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "दाजी, फडक्यावर रोज जेवढं यायचं, तेवढं समदं त्या दिवसांत आत गेलं असंल, न्हाई?"

"गेलं असेल."

"मग त्ये निघत असंल का हो कशानं?"

कापडावरच्या डागाबद्दल विचारावं तसं, निव्वळ कुतूहलानं विचारलं त्यांनी. मी खाली वाकून त्यांचे पाय धरले. जावयानं मेहुण्याचे पाय धरायची आमच्यात रीत नाही. दादा दचकून पाय ओढायला लागले. "अवो दाजी, जावई हाव तुमी! सोडा, कुणी बघंल!"

मी बराच वेळ सोडले नाहीत.