कटऑफचा अंदाज सांगू की नको?

मित्रांनो, आज शाळेतून आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

मी मोर्शीत आठवीला शिकवतो. शिष्यवृत्ती परीक्षेची उत्तरसूची आली, पोरांनी आपापले गुण मोजले आणि मला घेरलं, "सर, कटऑफ कितीवर लागन?"

मागचे निकाल पाहून मी अंदाज बांधला होता. त्यात सानिया आत होती, पण तिच्याच बाकावरची वैष्णवी थोडक्यात बाहेर जात होती. शिष्यवृत्ती मिळाली तरच वैष्णवीला घरचे पुढं शिकवणार आहेत.

मी बोलणार, तोच सानिया म्हणाली, "सर, आमी दोघी बी बसू, असा कमी सांगा न!"

सगळा वर्ग हसला. वैष्णवी मात्र नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"मले नाही सांगता येत, पोरी," म्हणालो आणि फळा पुसायला लागलो.

तुम्ही असता तर खरा अंदाज सांगितला असता का?