लँथॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम

मी खामगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. वर्ग आणि प्रॅक्टिकल उरकली की प्रयोगशाळेमागच्या खोलीत जायचं, भुकट्या तोलायच्या, अकीक दगडाच्या खलात घोटायच्या, भट्टीत भाजायच्या, आणि निवल्या की पुन्हा घोटायच्या.

विषय सांगायला सोपा होता. लँथॅनम, मँगनीज आणि ऑक्सिजन यांचा एक स्फटिक असतो, पेरोव्हस्काइट घराण्यातला. त्यातून वीज जेमतेम वाहते आणि चुंबक जवळ नेला तरी तो ढिम्म. पण थोडं लँथॅनम काढून तिथे स्ट्रॉन्शियम बसवलं की काही मँगनीजांचा एकेक इलेक्ट्रॉन आणखी जातो. मग शेजारच्या मँगनीजवरचा इलेक्ट्रॉन मधल्या ऑक्सिजनवरून त्या रिकाम्या जागी येऊ शकतो. ही ये-जा सुरळीत व्हायची तर शेजाऱ्यांच्या चुंबकीय दिशा जुळाव्या लागतात. म्हणून वीज वाहणं आणि चुंबकाची ओढ, दोन्ही एकदमच येतात. फळ्यावर मी हे सहज मांडायची. भट्टीतून मात्र ते निघत नव्हतं.

भट्टी रंगात आली की वीज जायची. ती सांभाळून काढलेले नमुने क्ष-किरण तपासणीला विद्यापीठात पाठवले, तर आलेखात एक नको असलेला उंचवटा. दुसऱ्या खेपेला तोच. तिसऱ्यालाही तोच. शेवटी गाईड सरांनी फोनवर विचारलं, "लँथॅनम ऑक्साइड तोलण्याआधी तापवून घेता ना?"

मी तापवत नव्हते. ती भुकटी पावसाळी हवेतलं पाणी पिऊन बसली होती. लँथॅनम म्हणून मी पाणीच तोलत होते, त्यामुळे मँगनीज जास्त होऊन वेगळं पडत होतं, आलेखातला उंचवटा त्याचाच. सर रागावले नाहीत. "पुन्हा करा," एवढंच म्हणाले. मी फोन ठेवला आणि तशीच स्टुलावर बसून राहिले. रडूही आलं नाही.

ऑक्साइड तापवून, नव्याने तोलून पुन्हा घोटायला लागले तर मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि हाताला आराम द्या म्हणाले. माझी आई माझ्याकडेच राहते. तिने माझा हात पाहिला आणि रविवारी माझ्याबरोबर कॉलेजात आली. मी तिच्या तोंडाला मास्क बांधला, हातमोजे घातले.

"काऊन एवढं घोटून राह्यली? मिक्सर नाही का तुह्या कालेजात?"

"मिक्सरचं भांडं झिजते, माय. त्याचं लोखंड यात मिसळीन."

"मंग दे इकडं. तू बस."

ती घोटत राहिली. मी वीज आहे का ते बघत भिंतीला टेकले. मधेच तिने विचारलं, "हे कायच्यासाठी लागते?"

"चुंबक, वीज, असंच. पुढं कोणाच्या तरी कामी येईन."

"हाव," ती म्हणाली. तिला पटलं की नाही, कळलं नाही. मलाही त्या दिवसांत नीटसं पटत नव्हतं.

त्या भुकटीच्या गोळ्या दाबून भाजल्या. या वेळी वीज टिकली. भट्टी पुरती निवल्यावर बाहेर काढलेली काळी गोळी मी कागदावर ठेवली आणि चुंबक जवळ नेला. गोळी आधी हलली, मग सरकत येऊन चिकटली. तुलनेसाठी केलेली बिनास्ट्रॉन्शियमची गोळी शेजारीच होती, ती जागची हलली नाही. मल्टिमीटर लावला. साध्या गोळीपेक्षा हिचा रोध कितीतरी कमी होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त झोप आली.

घरी येऊन आईला सांगितलं.

"झालं मंग?" तिने विचारलं.

"नाही. अजून मोजमाप राह्यलं, लिहिणं राह्यलं."

तिने माझं ताट वाढलं.

नवे आलेख स्वच्छ आले. मोजमापं झाली, प्रबंध झाला, पदवीही मिळाली. तोंडी परीक्षेला आई आली होती, मागच्या रांगेत पदर सावरून बसली होती. सगळे इंग्रजीत बोलत होते. परतताना बसमध्ये ती म्हणाली, "तुले लय प्रश्न इचारले त्याइनं. तू घाबरली नाही."

"थकली होती, माय. घाबराले जोर लागते."

ती हसली. थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. खांदा अवघडला तरी खामगाव येईपर्यंत मी तो हलवला नाही. दुसऱ्या दिवशी पहिला तास माझाच होता.