शालनबाईच्या हाताचं मीठ

शालनबाई खोटं एकाच बाबतीत बोलायची, पण ते रोज बोलायची. "माझ्या हाताला चव बघावी लागत न्हाई," असं तिचं म्हणणं. भोसरीच्या देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे इतक्यांदा ऐकून झालं होतं, की त्यावर शंका घ्यायची कुणाला आठवणच राहिली नव्हती.

खरं असं होतं, की तिच्याइतकी चव बघणारी बाई साऱ्या पंचक्रोशीत नसेल. चिमूटभर मीठ टाकायचं, ढवळायचं, पाठमोरं होऊन तळहातावर थेंब घ्यायचा, चाटायचा, हात पदराच्या आतल्या बाजूला पुसायचा. जीभ थांब म्हणेपर्यंत हेच. तिच्या सगळ्या लुगड्यांच्या पदराला आतून पिवळा डाग होता. बाहेरून लुगडी स्वच्छ.

ती मूळची केजकडची. लग्न होऊन भोसरीत आली. नवरा वर्कशॉपात लेथवर, ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये. तिथं आधी भांडी. करपलेल्या पातेल्याचा तळ घासून पांढरा करायला खांदा लागतो, नुसता हात चालत नाही. तो खांदा तिनं बरीच वर्षं झिजवला. चुलीपाशी जाऊ देत, पण मिठाला हात लावू देत नसत. तो मान आचाऱ्याचा. मग एकदा आचारी आजारी पडला आणि तिनं गुपचूप मीठ टाकलं. त्या दिवशी आचारी नव्हता हे जेवणाऱ्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. शालनबाईला आयुष्यात मिळालेलं सर्टिफिकेट हे एवढंच. ते तिनं जपलं.

टाळेबंदीत रस्त्यानं चालत निघालेल्या माणसांना जेवण द्यायला देवळानं एक पातेलं चढवलं, मशिदीनं एक, चर्चनं एक. तिन्ही ठिकाणी भातच व्हायला लागला. मग वाटणी झाली. चर्चच्या आवारात शमुवेलदादा डाळ शिजवणार. मशिदीचा दस्तगीरभाई डेगेत भात करणार. डाळ शेडमध्ये आली की फोडणी आणि मीठ शालनबाईचं. टाळेबंदी गेली, वाटणी राहिली. मजूर अड्ड्यावर सकाळी उभं राहून ज्यांना काम मिळत नाही, ती माणसं दुपारी या वरणभातावर असतात. जेवण वाढायला तिन्हीकडची माणसं भरपूर. पातेली घासायला मात्र तिन्ही धर्मांत माणूस मिळत नसे. ती शालनबाईच घासायची.

यंदा फाल्गुनात एकादशी शुक्रवारी आली. रमजानचे रोजे चालू होते. शमुवेलदादांचे ईस्टरआधीचे चाळीस दिवस चालू होते, आणि त्यातला शुक्रवार म्हणजे ते संध्याकाळपर्यंत नुसत्या पाण्यावर. भुकेल्यांना जेवू घालणारे त्या दिवशी झाडून सगळे उपाशी होते.

सकाळी टेम्पोवाला भिवा आला. जेवणाची पातेली अड्ड्यावर पोचवायचं काम त्याचं. आज तो वेगळं गाऱ्हाणं घेऊन आला होता. महाळुंग्यात एका कारखान्याची लाइन बंद पडली होती, ठेकेदाराकडची कामगार पोरं खोल्यांवर बसून होती, मेसला कुलूप होतं. एक पातेलं तिकडंही न्यायचं का, असं त्यानं विचारलं. दस्तगीरभाई म्हणाला, डाळ संपत आली. शमुवेलदादांनीही तसंच सांगितलं. देवळाचे विश्वस्त दौलतराव म्हणाले की कोठीत उंदरांना पुरेल एवढंसुद्धा नाही. तिघांचीही मान बोलताना दुसरीकडं होती. शालनबाईनं भिवाला "बघते" म्हणून सांगितलं. तिच्याजवळ बघण्यासारखं काही नव्हतं.

मग दौलतरावांनी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि चुलीपाशी मांडली. जुन्या गावातलं घराणं, बोलणं रोखठोक. गेल्या एकादशीला भजनी मंडळातल्या कुणीतरी शालनबाईचा पदर आतून पाहिला होता.

"आज आमी हितंच बसनार," ते म्हणाले. "एकादशीला देवळाच्या आवारात कुणी तोंड चालवलेलं चालायचं न्हाई. तसं दिसलं, तर उद्यापासनं मिठाला आचारी. मानूस बघून ठेवलाय म्या."

"बसा की," शालनबाई म्हणाली. "बसायला काय कष्ट पडतेत?"

तोंडानं ती असं म्हणाली खरी. चव बघितली तर मीठ हातातून जाणार. नाही बघितली तर वरणाचं काय होईल, ते तिलाही ठाऊक नव्हतं. उपासाच्या दिवशी ती चाटायची याचा तिनं पांडुरंगाशी केव्हाच निकाल लावून घेतला होता. दौलतरावांशी लावला नव्हता.

डाळ आली. शालनबाई कामाला लागली, आणि कामापेक्षा जास्त दौलतरावांना उठवायच्या मागे लागली. सिलिंडरचा वास येतोय म्हणाली. त्यांनी बसल्या जागेवरून वाकून वास घेतला, काही नाही म्हणाले आणि पुन्हा टेकले. देवळात पाहुणे आलेत म्हणाली. त्यांनी पाहुण्यांना शेडमध्येच बोलवायला सांगितलं. मग तिनं खुर्चीच्या शेजारी पाट घेतला आणि ढीगभर कांदा चिरला. दौलतरावांनी उपरणं नाकाला गुंडाळलं आणि तिच्याकडं भरल्या डोळ्यांनी बघत राहिले.

शेवटी तिनं तापल्या तेलात सुक्या मिरच्या ओंजळीनं सोडल्या. असा ठसका उठला की शेड रिकामं झालं. दस्तगीरभाई डेग सोडून रस्त्यावर. शमुवेलदादा देवळाच्या ओट्यावर. दौलतरावही खुर्ची सोडून पळाले. पण शालनबाईही पळाली, आणि धूर निवळून ती डोळे पुशीत आत आली तेव्हा दौलतराव तिच्या आधी येऊन बसले होते. खुर्ची आणखी जवळ सरकवलेली होती.

"मिरची लई झाली का?" त्यांनी विचारलं.

तिनं मिठाचा डबा ओढला. मोजून टाकायची तिला सवय नव्हती. जिभेचा लगाम नसताना तिनं कँटीनच्या अंदाजानं मीठ टाकलं, ताठ मानेनं, एका दमात, जसं काही रोज असंच टाकते. ढवळलं. वरणाचा रंग छान होता. रंगावरून मीठ कळत नाही.

भिवा टेम्पो लावून आत आला. दौलतरावांनाही जरा धाकधूक वाटत असावी. भिवाला उपास नाही, त्याला चाखायला सांगू का, असं त्यांनी विचारलं. शालनबाईला हो म्हणायला एक मान हलवायची होती. पण एवढ्या वर्षांची बढाई मानेत काठीसारखी उभी राहिली.

"माझ्या मिठाला साक्षीदार लागत न्हाई," ती म्हणाली.

दस्तगीरभाईनं काही बोलायला तोंड उघडलं होतं. ते ऐकून मिटलं.

भिवानं आणि शमुवेलदादांनी पातेल्याच्या कड्यांत बांबू घातला. उचलायला वाकले. शालनबाई पातेल्याकडं बघत उभी होती. कँटीनमधला कामगार मीठ कमीजास्त झालं की ताट आपटायचा. त्याला हक्क होता. अड्ड्यावरचा माणूस ताट आपटत नाही. फुकटचं आहे म्हणून तो मुकाट्यानं खातो, वर पाणी पितो आणि बरं होतं म्हणतो. त्याच्या पुढ्यात काय गेलं ते कुणालाच कधी कळणार नाही. तिचं नाव तर आणखी पक्कं होईल.

"ठेवा खाली," ती म्हणाली.

तिनं डाव बुडवला, फुंकर घातली आणि तळहातावर वरण घेतलं. पाठमोरी झाली नाही. दौलतरावांकडं तोंड करून ती ते प्यायली. घोट गिळता गिळता तिचा चेहरा असा झाला की चव कुणाला विचारायची गरज उरली नाही.

"खारट," ती म्हणाली. "तोंडात धरवत न्हाई."

दौलतराव उभे राहिले. एवढा वेळ ज्याची वाट बघितली ते समोर झालं होतं, आणि त्यांना त्याचं काय करावं सुचेना.

"एकादशी मोडलीत, शालनबाई."

"एकादशी माझी एकटीची मोडली. वरण सगळ्यांचं बिघडलंय. आधी वरणाचं बघा."

कणकेचे गोळे सोडा, असा दौलतरावांनी उपाय सांगितला. घरच्या पातेलीला गोळे चालतात, ह्याला गोळे सोडायचे तर पिठाची गिरणीच आणावी लागेल, असं ती म्हणाली. उपाय एकच होता. होती तेवढीच डाळ आणखी शिजवायची, बिनमिठाची, आणि यात मिसळायची. ती तिघांकडं बघत राहिली. तिघंही एकमेकांकडं बघत होते.

शमुवेलदादा आधी बोलले. "ईस्टरच्या जेवणासाठी थोडी डाळ राखलेली आहे."

"सकाळी नव्हती," शालनबाई म्हणाली.

"सकाळी वरण खारट नव्हतं."

त्यांनी चर्चच्या आवारातून डाळ आणली. दस्तगीरभाई न बोलता बाहेर गेला आणि इफ्तारीसाठी ठेवलेलं पोतं पाठीवर घेऊन आला. रोजा, कोरडा घसा, वर ऊन, आणि पाठीवर पोतं. ज्यानं पोतं वाहिलंय त्यालाच हे कळेल. पोतं टाकून तो तिथंच बसला. आता सगळे दौलतरावांकडं बघायला लागले. सप्ताहाच्या पंगतीची डाळ कोठीत होती आणि किल्ली त्यांच्या करगोट्याला. ते थोडा वेळ घाम पुसत राहिले. मग स्वतःच गेले, कोठी उघडली आणि पोत्याचं एक टोक धरून भिवाबरोबर बाहेर आले. खुर्ची सोडली, तर शेड सुरू झाल्यापासून दौलतरावांनी उचललेली ही पहिली वस्तू.

आता वेळ नव्हता. शेडमध्येच मोठ्या चुली लागल्या. शमुवेलदादांनी डाळ धुऊन चढवली आणि सहज विचारलं, "आज नेहमीसारखं मीठ टाकायचं नाही ना?"

शालनबाईचा हात थांबला. नेहमीसारखं म्हणजे काय, असं तिनं विचारलं. तेव्हा ते म्हणाले की डाळ शिजतानाच ते मीठ टाकतात, पहिल्यापासून, आईची तशी पद्धत होती. तिला ते कळतच असणार म्हणून कधी सांगितलं नाही. तिच्या हाताला तर सगळं—

"बास," ती म्हणाली.

म्हणजे इतकी वर्षं तिच्या पुढ्यात खारवलेली डाळ येत होती आणि तिची जीभ गुपचूप सांभाळून घेत होती. आज जीभ नव्हती.

खाली बसलेल्या दस्तगीरभाईला राहवेना. "आक्का, आमच्यात रांधणाऱ्याला रोज्यात जिभेच्या शेंड्यावर मीठ बघायला मुभा आहे. गिळायचं नाही, थुंकायचं. मी बघितलं असतं."

"मग बोलला कामून न्हाईत?"

"तुमच्या मिठाला साक्षीदार लागत नाही म्हणालात."

तिनं डाव त्याच्या हातात दिला.

नवी डाळ मिसळली. दस्तगीरभाईनं शेंड्यावर बघितलं, बाहेर जाऊन थुंकलं, आणखी डाळ म्हणाला. शालनबाई उघड उघड प्यायली आणि आणखी पाणी म्हणाली. तिखट उतरलं, मीठ उतरलं. वरण जमलं तेव्हा ते एका पातेल्यात मावत नव्हतं. भातही मग वाढवावा लागला. भिवानं एक पातेलं अड्ड्यावर पोचवलं आणि दुसरं घेऊन महाळुंग्याला निघाला. त्याला नेऊ का म्हणून विचारावं लागलं नाही. अड्ड्यावर त्या दिवशी उशीर झाला, आणि उशिराबद्दल शिव्या खायला दौलतराव स्वतः गेले.

मोडलेली एकादशी शालनबाईनं तिथूनच सांधून पुढं चालू ठेवली. पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

संध्याकाळपर्यंत गावठाणात वेगळीच गोष्ट पसरली. शालनबाईचं मीठ चुकत नाही. मग आज कसं चुकलं? तर मुद्दाम. महाळुंग्याच्या पोरांसाठी तिघांची दडवलेली पोती बाहेर काढायची म्हणून बाईनं वरण खारट केलं. दस्तगीरभाईनं हा तर्क लावला आणि मोशीपर्यंत पोचवला. शमुवेलदादांना तो पटला. शालनबाईच्या कानावर आला तेव्हा ती पातेलं घासत होती. एक खोटं ती बोलून सांगायची. हे दुसरं तिनं गप्प राहून सांगितलं.

दौलतरावांना मात्र चैन पडेना. ते शेडमध्ये आले.

"खरं सांगा. मुद्दाम केलं का?"

तिनं त्यांच्या हातात काथ्या दिला आणि दुसरं पातेलं पुढं सरकवलं. आधी तळ पांढरा करा, मग सांगते म्हणाली. ते बसले. करपलेला तळ होता, अंधार पडेपर्यंत पुरला. तिनं तळ बघितला, एक जागा राहिलीय म्हणून दाखवली आणि घरी गेली. सांगितलं काहीच नाही.

आचारी काही आला नाही. पुढच्या एकादशीला डाळ आली, तेव्हा दौलतरावांची खुर्ची चुलीपाशीच होती. फक्त तिचं तोंड रस्त्याकडं होतं. शालनबाईनं मीठ टाकलं, ढवळलं, तळहातावर थेंब घेतला.

"कसं झालंय?" मागं न बघता दौलतरावांनी विचारलं.

शालनबाईनं पदराला हात पुसला.

"मला काय म्हाईत? माझा उपास हाय."