नानुलीच्या दारातली वेल

शामलाताईले तुम्ही कोणाच्याही घरी घेऊन जा, ती आधी नाही म्हणन. चहा घेता का, नाही. दोन घास खा, नाही नाही, आत्ताच जेवून निघाली. मग घरवालीनं हाताले धरून बसवलं की बसते, अन् भाजी दुसऱ्यांदा मागून घेते. आमच्या नागपूर-हिंगण्याकडं सारेच असे. पहिलं नाही कोणी मोजतच नाही. याच सवयीपायी जॉर्जियात आमचा पार बोऱ्या वाजला होता, ते सांगतो.

शामलाताई म्हणजे आमच्या गल्लीतली खानावळवाली. नवरा हिंगण्याच्या कारखान्यात, अन् ही त्याच्यासोबतच्या पोट्ट्यांचे डबे करे. एकदा बाहेरगावचे शूटिंगवाले तिच्याकडं जेवायले आले. त्यांले मातीच्या ओट्याचं घर पाहिजे होतं, ते काही भेटून नाही राहिलं होतं. हिनं वाढता वाढता सांगितलं अन् दुपारी नेऊन दाखवलं. तेव्हापासून नागपुरात कोणतंही युनिट आलं की फोन हिले. घर हिनं शोधायचं, घरवाल्यांले हिनं पटवायचं, अन् सारे निघून गेले की त्या घरी परत जाऊन अंगण सारवून येणारी बी हीच. पिच्चरच्या शेवटी नावं येत, त्यात हिचं नाव मात्र कधी नसे. 'स्थानिक सहकार्य' एवढं लिहून मोकळे. मी विश्वनाथ, तिच्यासंगं जागेचे फोटो काढत फिरतो, अन् मले याचा भलता राग येई. तिले म्हटलं तं म्हणे, "जाऊ दे ना गा." पण तिले लागे. मले माहीत होतं.

मग चिन्मयी नावाच्या नागपूरच्याच पोरीनं पिच्चर काढायले घेतला. पोरगा डॉक्टरकी शिकायले जॉर्जियात जाते, अन् त्याची माय एक दिवस न सांगता त्याले पाहायले जाते, अशी गोष्ट. पोरगा भाड्यानं राहते ते घर शोधायचं काम तिनं शामलाताईले दिलं. "घर सापडलं तर लोकेशन मॅनेजर म्हणून तुमचंच नाव, ताई," ती म्हणाली. "नाही सापडलं तर मुंबईचा माणूस आहे, तो बघेल." ताई पिशवी उचलून निघाली. घरी जाता जाता मले म्हणाली, "हे घर शोधल्याशिवाय मी परत येत नाही."

जॉर्जियात आमच्या मदतीले केती होती, तिथलीच प्रॉडक्शनवाली पोरगी. तिचं इंग्रजी मी ताईले सांगू अन् ताईचं बोलणं तिले. इकडं नागपुरात मे महिन्याचं ऊन पेटलेलं, अन् तिथं मी स्वेटर घालून कुडकुडून राहिलो होतो. केतीनं दाखवलेली घरं सारी गुळगुळीत, हॉटेलासारखी. ताई प्रत्येक घराच्या स्वयंपाकखोलीत जाऊन उभी राही अन् मान हलवे. "इथं कोणी रांधतच नाही गा. माय आली तं बसन कुठं?"

शेवटी डोंगरातल्या एका गावात तिनंच गाडी थांबवली. लाकडी गॅलरी, निळी खिडकी, दारात द्राक्षाची जुनी वेल. मालकीण नानुली, सत्तरीची, हाताले पीठ लागलेलं. केतीनं विचारलं, अन् बाईनं एका शब्दात नाही म्हटलं. केती गाडीकडं वळली. शामलाताई पायरीवर जाऊन बसली.

"ताई, नाही म्हणाली ते," मी म्हटलं.

"पहिल्यांदा सारेच म्हणते. बसू दे मले."

नानुलीनं दार लावून घेतलं. ताई हटली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली, तेव्हा नानुली बाहेर आली अन् अशी कडाडली की केतीचा चेहराच उतरला. मागं कोणी शूटिंगवाले आले होते म्हणे. कॅमेऱ्यात आडवी येते म्हणून त्यांनी वेलीची मोठी फांदी कापली, मांडवाचा खांब उखडला अन् तसेच निघून गेले. ती वेल तिच्या नवऱ्यानं लावलेली, अन् नवरा आता नाही. "मी नाही म्हटलं ते नाहीच होतं," नानुली म्हणून राहिली होती. "ही बाई काहून माझ्या दारात बसली?"

शामलाताईचं तोंड एवढंसं झालं. ती उठली अन् हात जोडले. "चुकलं माझं, मावशी. आमच्याकडं पहिलं नाही कोणी मोजत नाही. तुमचं घर नाही मागत मी. खांब तेवढा उभा करून देऊ द्या."

घर नाही मागत? मी कपाळावर हात मारला. परतीचं विमान तोंडावर, अन् बाईले मांडव बांधायची पडली. पण तिच्यापुढं बोलायची सोय नाही, खांब मलेच धरावा लागला. नागपूरच्या गांधीबागेतून घेतलेली सुती ओढणी तिच्या गळ्यात होती, ती तिनं टरकन फाडली अन् चिंध्यांनी एकेक डहाळी वर बांधली. "दोरीनं कोवळं कापते गा," म्हणाली. घरी दोडक्याचा मांडव बांधते तसाच हात चालून राहिला होता. नानुली गॅलरीतून पाहत होती. मग ती खाली आली अन् दुसऱ्या बाजूनं डहाळी धरली.

काम झाल्यावर तिनं केतीले सांगितलं, घर घ्या, पण वेलीचं एक पान तुटता कामा नये. ताईनं नानुलीच्या हातावर हात ठेवला अन् शब्द दिला.

मी तिथूनच चिन्मयीले फोटो पाठवले अन् व्हिडिओ कॉल लावला. घर पाहून पोरगी खूश. "हेच घर, ताई. फक्त खिडकीसमोर वेल येतेय. आई बाहेरून पोराला बघते तो शॉट आहे ना, तेवढी छाटून घ्या. परत फुटेल ती."

"नाही," ताई म्हणाली.

"थोडीशीच, ताई."

"नाही."

चिन्मयीचा आवाज बदलला. "मग मला मुंबईच्या माणसाला पाठवावं लागेल. तो करून घेईल."

ताईचे डोळे भरले, पण आवाज काही हलला नाही. "पाठव मंग. पण या घराचा पत्ता मी त्याले देणार नाही, अन् हा विश्वनाथ बी देणार नाही. नाव नको मले. मी शब्द दिला आहे."

फोन बंद झाला. मले त्या पोरीचा राग आला अन् ताईचाही, खरं सांगतो. मी केतीले सांगितलं, अन् तिनं हळू आवाजात नानुलीले सारं सांगितलं. नानुली आत गेली अन् गरम रोटी, चीज घेऊन आली. ताई सवयीनं "नको नको" म्हणाली. नानुलीनं खांद्याले धरून तिले खाली बसवलं अन् ताट हातात दिलं. ताई रडत रडत जेवली.

ताट रिकामं व्हायच्या आत फोन वाजला. "मी फोटो परत पाहिले," चिन्मयी म्हणाली. "न सांगता आलेली आई उघड्यावर थोडीच उभी राहील. ती वेलीआडूनच बघेल. ताई, माझं चुकलं. कामाला लागा."

दोन महिन्यांनी शूटिंग तिथंच झालं, अन् पान तुटलं नाही. पिच्चर दिवाळीत लागन. ताईचं नाव येईन तेव्हा पहिली शिट्टी माझी.

युनिट निघालं तरी ताई मागं थांबली. अंगण झाडलं, वेल जाड झाली म्हणून चिंध्यांच्या गाठी सैल करून दिल्या. गाडीत बसताना नानुली केतीमार्फत म्हणाली, "द्राक्षं पिकली की खायले ये." मी ताईच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो, आता नाही म्हणन, मग म्हणन.

"हाव," ताई म्हणाली. "येते."