कागदाच्या घरातली पपई

पॉलीहाऊसच्या प्लास्टिकला आमच्या राजुरीत कागद म्हणतात. तो बदलायला आलेल्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. लोखंडी कमानीवर तो अनवाणी चढायचा आणि बाळाला दुपटं घालावं तसा कागद हलक्या हाताने ताणायचा. काम बघत राहावं असं होतं.

आत जरबेराच्या फुलांच्या कोपऱ्यात आपसूक उगवलेली पपई होती. फळं धरली होती, पण शेंडा छताला टेकला होता. "कागद फाटंल, तोडून टाका," असं त्याला सांगून माझा मुलगा जुन्नरला गेला. मला ती तोडायची नव्हती.

दुपारी माझ्याकडे जेवताना त्या माणसाने मोबाईलवर परदेशातली काचेची घरं दाखवली. देवळाच्या कळसाएवढी उंच, आत ताडाची झाडं, वेली, पाण्यावर परातीएवढी पानं. इतकं देखणं घर मी माणसाचंही पाहिलं नाही.

"माल किती निघतो?" मी विचारलं.

तो हसला. "काय बी न्हाई, आजी. लोकं नुसती बघाया जात्यात."

"अन् झाड छताला लागलं मंग?"

"एका ठिकाणी झाडासाठी दुसरं उंच घर बांधलं. लई भारी लोकं." मग त्याने पपईकडे पाहिलं. "हिला तोडू का?"

"तोडलीस तर जेवलेलं परत दे."

त्याने कागदाला गोल भोक पाडून शेंडा बाहेर काढला आणि खोडाभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी सैलसर गुंडाळली.

संध्याकाळी मुलगा वर बघतच राहिला. "आई, हे काय?"

"घर पुरलं न्हाई तिला," मी म्हणाले.