काकूंच्या शाळेचा पट

काकू गेल्याचा फोन श्रीधरकाकांनी स्वतःच केला. "अगं, ही गेली..." एवढंच. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या छोट्या गावात मराठी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक माझं. काका इथल्या हॉस्पिटलातले निवृत्त डॉक्टर, आणि सुनंदाकाकू गावच्या पब्लिक हायस्कुलात गणित शिकवायच्या. त्यांना कुणी 'डॉक्टरीणबाई' म्हटलेलं अजिबात खपायचं नाही. मी मास्तरीण आहे, असं ठणकावून सांगायच्या.

शाळेतल्या मुलांच्या संख्येला त्या 'एनरोलमेंट' कधीच म्हणाल्या नाहीत, 'पट' म्हणायच्या. गावातला कारखाना बंद पडला, माणसं निघून जायला लागली आणि पट घसरला. पट घसरला म्हणून शिक्षक कमी केले, शिक्षक कमी झाले म्हणून निकाल ढासळले, आणि निकाल बघून उरलेल्यांनीही मुलं काढून शेजारच्या गावात घातली. काकू जीव तोडून शिकवत होत्या. शाळा सुटल्यावर मुलांना घरी आणायच्या, पोहे खाऊ घालून समीकरणं सोडवून घ्यायच्या. कशाचा म्हणून उपयोग झाला नाही बघा. मध्यंतरी पार्सिपनीहून एक मराठी डॉक्टर आमच्या हॉस्पिटलात यायचा होता. त्याच्या बायकोने काकूंना फोनवर पहिलाच प्रश्न स्कूलच्या रेटिंगचा विचारला. रेटिंग वाईट आहे, मुलं चांगली आहेत, असं काकूंनी खरं ते सांगून टाकलं. ते कुटुंब आलंच नाही. माझा नुसता संताप झाला होता. काकू मात्र म्हणाल्या, "तिचं लेकरू आहे गं. ती कशाला जोखीम घेईल?"

मग शाळा बंद करायची का, हे ठरवणारी स्कूल बोर्डाची मीटिंग आली. काकूंना मीच गाडीतून घेऊन गेले. बोलायला मिनिटं मोजकीच मिळतात. रोज पहाटे उठून लांबच्या बसने जाणारी मुलं वर्गात पेंगतील, मग शाळाच सोडतील, असं त्या पोटतिडकीने सांगत होत्या. बोलणं संपलं आणि आपली सवय आड आली. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं, की घाबरलेल्या काकू इंग्रजीतही तेच बोलून गेल्या.

"ओके... आय विल कम."

अध्यक्ष भला माणूस होता. "यायची गरज नाही, मॅडम," तो समजुतीने म्हणाला. "ही शेवटचीच मीटिंग आहे." मागे कुणीतरी हसलं. मग हात वर झाले आणि शाळा गेली.

त्यानंतर त्या खचल्याच. घरी येणारी मुलं कमी होत होत थांबली. दोन वर्षंही काढली नाहीत त्यांनी. डॉक्टर म्हणतात हार्ट. असेल. मला विचाराल तर काकूंना त्या शाळेने नेलं, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

गेल्या आठवड्यात पिठलं-भात घेऊन काकांकडे गेले. ते फोन हातात घेऊन बसले होते. सगळ्यांना कळवून झालं, शाळेत तेवढं कळवायचं राहिलं, म्हणाले. मी काही बोलायच्या आत त्यांनी 'सुनंदा शाळा' असं लिहिलेला नंबर लावलासुद्धा. हा नंबर आता अस्तित्वात नाही, असं ते यंत्र सांगत राहिलं... काकांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फोन हळूच टेबलावर ठेवला.

"मधली सुट्टी झाली असेल," ते म्हणाले. "थोड्या वेळाने करतो."